साखर, मधुमेह आणि गोळीवरचा भरवसा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी लिहायला-वाचायला शिकलो, त्याच शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला लाभला, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकवला. वर्गात कोणी काही छातीठोकपणे सांगू लागला, की गुरुजी हातातला खडू खाली ठेवीत आणि एकच शब्द उच्चारीत : ‘कशावरून?’ त्या प्रश्नापुढे आमच्यापैकी बहुतेकांची बोबडी वळे. पुढे प्रबंध लिहिताना, परीक्षकांपुढे बसताना आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना तोच प्रश्न माझ्या कामी आला.

आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना नवल वाटले असेल. मराठीच्या प्राध्यापकाने साखर आणि मधुमेह यांवर का बोलावे? मी वैद्य नव्हे, डॉक्टर आहे तो कागदावरचा. परंतु माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकातील मराठी कोशवाङ्मयावर होता आणि शब्दांचा माग काढता काढता साखरेच्या इतिहासात मी केव्हा शिरलो, हे माझे मलाच कळले नाही. हे झाले पहिले कारण. दुसरे कारण खाजगी आहे. ते योग्य ठिकाणी सांगेन.

१. शब्दांची साक्ष

‘साखर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’ या शब्दावरून आला. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, वाळूचे कण. उसाचा रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या या देशात सिद्ध झाली आणि वस्तूबरोबर शब्दही परदेशी गेला. फारसीत तो ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’ झाला आणि तेथून युरोपातील बहुतेक भाषांत पोचला. ‘खंड’ या शब्दापासून इंग्रजांची ‘कँडी’ झाली. इंग्रजीतला ‘जॅगरी’ हा शब्दही पोर्तुगिजांनी मलबारच्या किनाऱ्यावर उचललेला, आणि त्याचे मूळही शर्कराच. आपला ‘गोड’ हा शब्द ‘गुड’ म्हणजे गुळाच्याच कुळातला मानतात. म्हणजे मराठी माणसाला गोडीची जी पहिली ओळख झाली, ती गुळाच्या ढेपेतून.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या रसापासून होणारे पाच पदार्थ नोंदलेले आहेत : फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी म्हणावी. ही पाच नावे म्हणजे शुद्धीकरणाच्या पाच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर रसातले काहीतरी मागे राहते आणि गोडी तेवढी पुढे जाते. शेवटच्या पायरीवर उरते ती केवळ गोडी. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. व्याख्यानाच्या उत्तरार्धात त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

२. सुश्रुतांची विहीर

शर्करेची विद्या ज्या समाजाला अवगत होती, त्याच समाजाच्या वैद्यांनी मधुमेहाचे सूक्ष्म वर्णन करून ठेवले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, आणि मधुमेह हा त्यांतला दुर्धर प्रकार. चरकांनी प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख व झोपेचे सुख यांना अग्रस्थान दिले आणि दही, दूध, मांस, नवे धान्य यांबरोबर गुळाच्या पदार्थांचाही उल्लेख केला. सुश्रुतांनी रोग्यांचे दोन वर्ग पाडले : जन्मतःच रोगाचे बीज घेऊन आलेले, ते बहुधा कृश, आणि अपथ्याने रोग ओढवून घेतलेले, ते बहुधा स्थूल. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस यांनी रोग्याच्या लघवीच्या गोडीची नोंद केली ती १६७४ साली, आणि ती गोडी साखरेचीच आहे हे मॅथ्यू डॉब्सन यांनी दाखवून दिले ते १७७६ साली.

सुश्रुतांची चिकित्सा वाचताना मी थबकलो. निर्धन रोग्याला ते सांगतात, की पायांत वहाण नाही, डोक्यावर छत्री नाही, भिक्षा मागून खावे, एका गावी एकच रात्र राहावे आणि शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे. कोणी शेत नांगरावे, कोणी विहीर खणावी. औषधी योगही त्यांनी दिलेच आहेत; पण ही चाल आणि ही विहीर मला विसरता आली नाही. पूर्वजांना सारे ठाऊक होते, असा दावा करण्याचा माझा हेतू नाही. इन्सुलिन त्यांच्यापाशी नव्हते. ते टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून १९२१ साली हाती आले आणि जन्मतः कृश अशा कित्येक मुलांचे प्राण त्याने वाचवले. पण अपथ्यातून येणाऱ्या रोगाविषयी जे निरीक्षण या संहितांत आहे, ते कसोटीला कितपत उतरते, हे आपण पुढे पाहू.

३. मळे, बेटे आणि कारखाने

अरबांनी ऊस भूमध्य समुद्रापर्यंत नेला. पोर्तुगिजांनी तो मदेराला आणि पुढे ब्राझीलला नेला. मग अटलांटिकच्या पलीकडे उसाचे मळे पसरले आणि त्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे पकडून नेण्यात आली. गुलामांच्या व्यापारात सव्वा कोटीच्या आसपास माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांतल्या फार मोठ्या हिश्शाच्या नशिबी उसाचा मळाच आला. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली ती १८३४ साली, आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला करारबद्ध भारतीय मजुरांची एक तुकडी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरली. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या बेटावर गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसेही होती; त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात. जुन्या मराठीत शुभ्र दाणेदार साखरेला ‘मोरस’ म्हणत. हा शब्द मॉरिशसचाच अपभ्रंश होय. आपल्या माणसांनी तिकडे ऊस तोडावा आणि त्याची साखर इकडे पेठेत यावी, असा तो व्यवहार होता.

या बेटाची पुढची कथा अधिक बोलकी आहे. १९८७ साली मॉरिशसमध्ये प्रौढांची मोठी पाहणी झाली. दहांतील एकाहून अधिक जणांना मधुमेह असल्याचे आढळले. आणि ते प्रमाण केवळ भारतीय वंशाच्या लोकांत नव्हे, तर आफ्रिकी व चिनी मूळ असलेल्यांतही जवळपास तितकेच होते. ज्यांच्या रक्ताचे नाते एकमेकांशी नाही, पण ज्यांचे राहणीमान एकाच तऱ्हेने पालटले, त्या सर्वांना रोगाने सारखेच गाठले. यातून साखर हेच एकमेव कारण, असा निष्कर्ष काढता येणार नाही. भात, तेल, मोटारी, खुर्च्या हे सारेच त्यात आले. चरकांचे बसण्याचे सुख येथेही हजर होतेच.

आपल्याकडे साखर स्वस्त झाली ती १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर. काही वर्षांतच देशातील कारखान्यांची संख्या तिसांच्या आसपासून शंभराच्या पुढे गेली. १९५०-५१ साली प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगाने महाराष्ट्राचे ग्रामीण जीवनच बदलून टाकले. सहकाराने शेतकऱ्याला उभे केले, हे आपण कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. कारखान्याच्या पैशातून शाळा-महाविद्यालये निघाली, त्यांत माझ्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. पण माझ्या लहानपणी या बेळगावात आमच्या घरी साखर रेशनच्या दुकानातून मोजून येई आणि पाहुण्यांसाठी व सणासाठी डब्यात जपून ठेवली जाई. घरचा चहा गुळाचा. कुंदा वर्षातून दोनचारदा येई. आज देशात दरडोई वीस किलोंच्या आसपास साखर खपते, आणि कुंद्याला निमित्त लागत नाही.

साखरेच्या कणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन शर्करा जोडलेल्या असतात. ग्लुकोज सर्व शरीर वापरते. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो, आणि तो नित्य पडत राहिला तर यकृत त्यातून चरबी तयार करू लागते. यकृतात चरबी साठली, की इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो. रक्तदाब, रक्तातील चरबी आणि वाढती साखर हे त्रिकूट एकत्र का नांदते, याची एकत्रित मांडणी जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली केली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. आपली नवजात बालके वजनाला सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधली ३.५ किलो, पण एवढ्याशा देहातही आपल्या बाळांनी चरबी राखलेली असते, उणे पडतो तो स्नायू. म्हणजे बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाने निर्धास्त राहू नये.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सर्वांत अधिक प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात : २६.४ टक्के. चार प्रौढांमागे एक.

४. गोळी कशी जन्मली

आता गोळीकडे वळतो. गोळीची प्रतिष्ठा खोटी नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. खलाशांच्या हिरड्या सडवणारा स्कर्व्ही रोग लिंबूवर्गीय फळांनी बरा होतो, हे जेम्स लिंड यांनी १७४७ साली जहाजावर दाखवले. फळातले ते द्रव्य १९२८ साली सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळे काढले. १९३३ साली ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. हेच क जीवनसत्त्व. जे फळात होते ते बाटलीत आले आणि खरोखरच रोग बरा करू लागले. या यशाने एक पिढी दिपून गेली.

१९५६ साली डेनहॅम हार्मन यांनी मांडले, की शरीरात प्राणवायूच्या ज्वलनातून जे उपद्रवी ‘मुक्त मूलक’ तयार होतात, त्यांमुळे वार्धक्य येते. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी या मूलकांना आवरणारे विकर शरीरातच सापडल्याचे दाखवले. १९७० साली दोनदा नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा पुरस्कार केला. फळे-भाज्या खाणारे लोक अधिक निरोगी असतात, हे तर सर्वांनाच दिसत होते. २००१ साली मायकेल ब्राउनली यांनी मांडणी केली, की रक्तात साखर वाढली म्हणजे पेशींच्या भट्टीत हे मूलक अतोनात वाढतात आणि डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू यांची हानी होते. मग युक्तिवाद सरळ झाला : साखरेमुळे मूलके वाढतात, अँटिऑक्सिडंट त्यांना शमवतात, म्हणून मधुमेह्याने अँटिऑक्सिडंटची गोळी घ्यावी.

युक्तिवाद सुरेख होता. पण गुरुजींनी खडू खाली ठेवला असता.

५. ‘कशावरून?’

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने प्रामाणिकपणे शोधले, ही त्या शास्त्राची थोरवी. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. कोणाला कोणती, हे ना रोग्याला माहीत ना डॉक्टरला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर अशी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील तशाच एका चाचणीत धोका दिसल्यावर ती १९९६ साली मुदतीआधीच थांबवावी लागली.

मधुमेहाचे काय? २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या ९,५४१ जणांपैकी निम्म्यांना ई जीवनसत्त्व दिले. हृदयविकार टळला नाही. इंग्लंडमध्ये २०,५३६ जणांना, त्यांत सुमारे सहा हजार मधुमेही होते, ई, क आणि बीटा-कॅरोटीन यांची एकत्रित मात्रा किंवा निष्प्रभ गोळी पाच वर्षे दिली; २००२ साली उत्तर आले, की लाभ नाही. मधुमेह होऊच नये म्हणून बीटा-कॅरोटीन बारा वर्षे घेणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांत, ई जीवनसत्त्व दहा वर्षे घेणाऱ्या स्त्रियांत, कोठेही मधुमेहाला अटकाव झालेला दिसला नाही. सेलेनियमच्या गोळीने तर मधुमेहाचा धोका वाढलेला आढळला. ते वर्ष २००७.

असे का व्हावे? एक उत्तर २००९ साली जर्मनीतून आले. निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. ज्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या नाहीत, त्यांच्यात इन्सुलिनचा प्रभाव सुधारला. ज्यांना गोळ्या दिल्या, त्यांच्यात तो सुधार दिसला नाही. ज्यांना आपण केवळ शत्रू समजलो, ती मूलके थोड्या प्रमाणात निरोप्याचे कामही करतात. स्नायू श्रमला, की त्यांच्याकरवीच शरीराला आपली घडी सुधारण्याचा निरोप जातो. गोळीने निरोप्यालाच वाटेत अडवले.

येथे मघाचा मुद्दा पुन्हा आठवावा. उसातून आपण गोडी तेवढी काढली आणि चोथा टाकला. फळातूनही आपण एक द्रव्य काढले आणि चोथा टाकला. पण फळ खाणारा माणूस केवळ ते द्रव्य खात नव्हता. त्याच्या पोटात तंतू जात होते, त्याच्या ताटात दुसरे काही गोड कमी होते, आणि बहुधा तो चालतही होता.

न्याय दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, यकृतात चरबी साठून दाह झालेल्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णांना ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने लाभ झाला : ४३ टक्क्यांच्या यकृतात सुधारणा, तर निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ कमी पडू शकते आणि ते भरून काढावे लागते. तपासणीअंती डॉक्टरांनी दिलेली गोळी निराळी आणि जाहिरात वाचून घेतलेली निराळी.

आता खाजगी कारण. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मला मधुमेह निघाला. एका हितचिंतकाने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. नंतर ती मीच विकत आणू लागलो. सुमारे चार वर्षे नेमाने घेतल्या. सकाळी गोळी घेतली, की संध्याकाळी कुंद्याला हात लावताना मन खात नसे. फिरायला जाणे सुटले, तपासण्या लांबणीवर पडल्या. एके दिवशी डाव्या डोळ्यापुढे कोळिष्टके तरंगू लागली. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. लेसरचे उपचार झाले. तरी डाव्या डोळ्याला आता छापील ओळ दिसते, अक्षर दिसत नाही. ज्याने जन्मभर कोशांची बारीक टाइपातली पाने वाचली, त्याला याचा अर्थ काय, हे मी आपणांस सांगायला नको. गोळीने माझा डोळा नेला, असे मी म्हणणार नाही. गोळीने मला जो निर्धास्तपणा दिला, त्याने तो नेला. आणि तो निर्धास्तपणा मी ‘कशावरून?’ न विचारता घेतला. गुरुजींच्या विद्यार्थ्याकडून झालेली ही चूक मला येथे कबूल करायची होती.

६. शेवटची साक्ष

तर मग उपाय काय? २००२ साली अमेरिकेतील ३,२३४ जणांवरच्या चाचणीचा निकाल आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी वजन थोडे उतरवले आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम केला, तर मधुमेह ५८ टक्क्यांनी टळला. मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर अशीच चाचणी केली. २००६ साली आलेल्या निकालात आहार आणि चालणे यांनी धोका २८.५ टक्क्यांनी घटला. सुश्रुतांची शंभर योजने आणि विहीर मला येथे आठवली. पुराणातली वांगी म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. कसोटीवर मात्र तीच उतरली.

आणि मुलांसाठी एक साक्ष. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखरेवर रेशन आले, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला ती मोजकी साखर आली आणि ज्यांचा जन्म रेशन उठल्यावर झाला, अशा दोन्ही गटांची उतारवयातली प्रकृती ताडून पाहणारा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. रेशनच्या काळातल्या मुलांत पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघाला. माझ्या आईने रेशनची साखर डब्यात जपून ठेवली, तेव्हा आमच्यासाठी ती काय जपत होती, हे तिला माहीत नव्हते आणि आम्हांलाही नव्हते.

२०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. आपली शाळा त्या मंडळाची असो वा नसो, असा फलक येथेही लागावा, ही माझी विनंती आहे. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याऐवजी शेंगदाण्याची मूठ किंवा एखादे फळ वाटले, तर बिघडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली उत्तम मर्यादा दिवसाला सहा चमचे साखरेच्या आसपास आहे. शीतपेयाची एक बाटली ती ओलांडू शकते.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपली म्हण सांगते. मी कुंदा सोडलेला नाही. दिवाळीला एक चमचा घेतो. बाटली मात्र पुन्हा आणली नाही. रोज पहाटे उजव्या डोळ्याच्या भरवशावर किल्ल्याच्या तळ्यापर्यंत जातो आणि परत येतो.